कोरडा कोपरा

"त्या कोपऱ्यात पाणी मुरू देऊ नकोस. बाकी काही केलं नाहीस तरी चालेल, पण एवढं कर."

मामंजींचा आवाज शेवटी शेवटी अगदी बारीक झाला होता. पाणी मागितलं तरी कान तोंडाशी न्यावा लागायचा. पण हे सांगताना ते कुठून बळ आणत, देव जाणे. काकू अजून पहाटे दिव्यात वात सरळ करायला बसल्या की तो आवाज त्यांना ऐकू येई, जसा काही शेजारच्या खोलीतून.

मामंजी म्हणजे काकूंचे सासरे. हाडाचे रंगारी. गल्लीच्या टोकाला जी मोकळी जागा आहे, तिथं त्यांची रंगशाळा होती. सुताच्या लडी निळीत बुडवायच्या, पिळायच्या, दोरीवर टाकायच्या. निळीसाठी जमिनीत खोदलेला हौद होता, दोन पुरुष खोल. पुढं धंदा बसला, छप्पर उतरलं, भिंती गेल्या, जागा सगळ्या गल्लीची झाली आणि हौद तेवढा राहिला. भरून टाकू, भरून टाकू म्हणता म्हणता मामंजींच्या अंगातलं बळ सरलं. मग त्यांनी त्यावर लाकडी तुळया आडव्या टाकल्या. तुळयांवर फळ्या, फळ्यांवर मुरूम आणि वरून बोटभर कोबा. बघणाऱ्याला वाटावं, साधी जमीन आहे.

"लाकूड कोरडं आहे तोवर हत्ती नाचला तरी धरेल," ते म्हणाले होते. "भिजलं की मग सांगता येत नाही. आणि तू जाशील तेव्हा कडेकडेनं जा. कडेला हौदाची भिंत आहे. मधे काही नाही."

उशाशी देवघरातला दिवा होता. त्याच्याकडे बघून काकूंनी हो म्हटलं होतं.

काकूंचे नेम तसे बरेच. पहाटेचा जप, संध्याकाळचा दिवा, आठवड्यातून एक दिवस मौन. त्यात हा एक वाढला. कोपरा झाडल्याशिवाय तोंडात चहाचा घोट घ्यायचा नाही. पावसाळ्यात तर त्या खराट्यानं पाणी लोटत लोटत थेट गटारापर्यंत नेत. त्या कुणाला कधी मोठ्यानं काही बोलल्या नाहीत आणि कुणी फारसं विचारलंही नाही. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला तेवढा थट्टा करी.

"काकू, एवढं झाडता, इथं देव बसवायचाय का?"

"देव सगळीकडे बसलेलाच आहे रे. इथं आपण बसू नये, एवढंच."

तो हसे आणि कोळसे फुंकायला लागे.

काकूंचा मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षाचे बरेच महिने पाण्यावर. घरात काकू आणि सून, दोघीच. सून हुशार, तोंडाळ नव्हे, पण स्वस्थ बसणारीही नव्हे. लग्न होऊन आली तेव्हापासून गल्ली तिला 'काकूंची सून' म्हणे. तिला ते खुपे, बोलून दाखवत नसे. मग कुठल्याशा संस्थेचं छोटं अनुदान निघालं. वस्तीतल्या लोकांनी आपल्या हातानं आपल्या वस्तीसाठी काहीतरी उभं करावं, म्हणून. सुनेनं अर्ज केला, दहा वेळा खेटे घातले आणि मिळवून आणलं. मोकळ्या जागेवर बाग करायची, मुलांना खेळायला आणि म्हाताऱ्यांना बसायला. त्या दिवसापासून ती गल्लीची 'ताई' झाली. गिरणीवाला, जो आजवर तिला पीठ देताना मानसुद्धा वर करत नसे, तो म्हणाला, "ताई, आधी तुमचं दळण."

काकूंनी त्या संध्याकाळी देवापुढं साखर ठेवली. सुनेच्या चेहऱ्यावरचं तेज त्यांनी इतक्या वर्षांत पाहिलं नव्हतं.

अनुदानाच्या बाई जागा बघायला आल्या. उंच इमारतींच्या सावलीत जागेचा बराचसा भाग ओलसर, शेवाळलेला. ऊन पडायचं ते एका कोपऱ्यात आणि तोच कोपरा तेवढा स्वच्छ, टणक, कोरडा खटखटीत. बाईंनी त्यावर टाच आपटून पाहिली.

"वा, बाग इथंच करा. इतकी छान जागा राखली कुणी?"

"आमच्या आईंनी," सून अभिमानानं म्हणाली आणि सगळ्यांनी काकूंकडे पाहिलं. इतक्या वर्षांच्या झाडण्यानं आपण हे करून ठेवलं होतं तर. जागा इतकी नीट राखली की सगळ्यांची नजर तिथंच जावी.

गिरणीच्या ओसरीवर बैठक भरली, तेव्हा त्या बोलल्या. आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत उभं राहून. खाली हौद आहे, वर लाकूड आहे, पाणी घालू नका, वजन ठेवू नका. आवाज इतका मऊ की मागच्यांना ऐकूच गेला नाही.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, खाली तळघर आहे."

"अहो, मग भाड्यानं द्या की," मागून कोणीतरी म्हणालं आणि ओसरी हसली.

मास्तर, निवृत्त होऊनही ज्यांचा हात खडू धरल्यासारखाच राहिला होता, ते समजावणीच्या सुरात म्हणाले, "काकू, सासऱ्यांना जाऊन जमाना झाला. अजून धाक वाटतो का त्यांचा? इतकी वर्षं कोसळलं नाही ते आता कोसळेल होय?"

"इतकी वर्षं भिजलं नाही," काकू म्हणाल्या. ते पुढच्यांनाही ऐकू गेलं नाही, कारण तेवढ्यात गिरणीवाला पुटपुटला होता, "रंगशाळेची जागा. हळूच घशात घालायची असेल, म्हणून ही भुतंखेतं."

ते मात्र सगळ्यांना ऐकू गेलं.

सून घरी येऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसली. रडली नाही. बराच वेळ बोटानं फरशीवर रेघा ओढत राहिली.

"आई, मी तुम्हाला कधी काही मागितलं नाही."

"नाही गं."

"मग आता मागते. बागेच्या उद्घाटनाचा फोटो होईपर्यंत त्या हौदाचं नाव काढायचं नाही. कुणापाशी नाही. माझ्यापाशीसुद्धा नाही. बाईंनी टाच आपटून बघितली, त्यांना काही कळत नाही का? लोक मला चोर म्हणतायत, आई."

दिव्यापुढं उभं राहून काकूंनी तेही कबूल केलं. त्यांना वाटलं, सुनेला दिलेला शब्द आहे, देव बघून घेईल.

अनुदानाची एक अट होती, प्रत्येक घराचा हात लागला पाहिजे. म्हणून ठरलं, प्रत्येक घरानं एक पिंप आणायचं, मातीनं भरायचं आणि त्यात झाड लावायचं. तेलाची, रंगाची जुनी लोखंडी पिंपं गडगडत येऊ लागली. ज्याला त्याला आपलं पिंप उन्हात हवं आणि उन्हात म्हणजे कोपऱ्यात. "तुमचं सरकवा की जरा." "का, तुमच्या लिंबाला ऊन लागतं आणि माझ्या जाईला चांदणं पुरतं होय?" असे गोड तंटे होत आणि पिंपं एकमेकांना खेटून, मधोमध, दाटीवाटीनं बसत गेली. प्रत्येकानं ठेवलं होतं एकच. सगळी मिळून किती झाली हे बघायला कुणी मागं सरून उभंच राहिलं नाही.

आणि पाणी. शिंपीणबाईंच्या नळाला लांब पाइप जोडला होता, रोज संध्याकाळी पाळीपाळीनं प्रत्येक घर बाग भिजवी. एकाचं झालं की दुसरा, "अगं, ह्याला कमी पडलं वाटतं," म्हणत पुन्हा घाली. कमीच पडायचं. कितीही घाला, पिंपांखाली थेंब साचत नसे. इकडे सावलीत चिखल आणि तिकडे सगळं पाणी गडप.

"जमीन कशी पिते बघा," शिंपीणबाई कौतुकानं म्हणत. "तहानलेली होती बिचारी."

काकू पहाटे खराटा घेऊन जात. झाडायला उरलं होतं काय? पिंपांच्या भोवतीनं, कडेकडेनं, हातभर पट्टी. तेवढी झाडत आणि घरी येऊन चहा घेत. नेम पाळला जात होता आणि मोडतही होता, एकाच वेळी.

मग एके सकाळी त्यांना अळंब्या दिसल्या. दोन पिंपांच्या फटीत, कोब्याला गेलेल्या केसाएवढ्या चिरेतून वर आलेल्या, पांढऱ्या, नाजूक, गर्दी करून उभ्या. मुलांनी त्यांना छत्र्या असं नावही दिलं. काकूंनी एक तोडून हुंगली. ओल्या लाकडाचा वास. मातीत उगवलेल्या अळंबीला हा वास नसतो. ही कुठल्या तरी फळीतून, अंधारातून, वाट काढत आली होती.

पुढं गटाराला निळसर पाणी आलं. अगदी फिक्कं, दुधात शाईचा थेंब पडावा तसं. गिरणीवाल्यानं इस्त्रीवाल्यावर तोंड टाकलं, "तुझी नीळ गटारात ओततोस काय रे?"

"मी नीळ वापरतो कुठं? माझ्याकडचे कपडे असेच पांढरे होतात, हाताचा गुण आहे," तो म्हणाला आणि विषय हसण्यावारी गेला.

काकू गटाराच्या काठावर उभ्या राहिल्या. तो रंग त्यांच्या ओळखीचा होता. नवी नवरी असताना काकूंनी पहिल्यांदा मामंजींच्या पायांना हात लावला तेव्हा त्यांच्या नखांत तो होता आणि शेवटच्या अंघोळीलाही निघाला नव्हता.

उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी सुनेला जेवायला वाढलं आणि समोर बसून राहिल्या.

"अगं, मला शब्दातून मोकळी करतेस का?"

सुनेचा हात ताटात थांबला. मग तिनं हसून सासूच्या गुडघ्यावर हात ठेवला. ते हसणं फार थकलेलं होतं. "उद्या संध्याकाळी, आई. सगळी गल्ली एका फोटोत आली पाहिजे, तरच पुढचं अनुदान. एकदा फोटो झाला की हवं ते बोला. मी स्वतः ऐकीन बसून."

"सगळी गल्ली?"

"तान्ह्या बाळापासून मास्तरांपर्यंत. पिंपांच्या मधे. मी मधोमध, तुम्ही माझ्या शेजारी."

काकूंनी तिच्या पानात आणखी भात वाढला. नको म्हणत असतानाही वाढला.

दुसऱ्या दिवशी जेवणं उरकायच्या सुमारास इस्त्रीवाला आणि गिरणीवाला मुलांना उभं करायला शाळेतून लांब बाकं घेऊन आले. सून फलक आणायला गेली होती. काकू कडेला उभ्या होत्या. बाक टेकवताच एक पाय कोब्यात शिरला. मोडल्याचा आवाज झाला नाही. भाकरीत बोट जावं तसा तो मुकाट आत गेला.

"नरम झालीय जरा," गिरणीवाला म्हणाला.

"पाणी जास्त होतं संध्याकाळचं." इस्त्रीवाल्यानं एक वीट शोधून आणली, बाक उचलून पायाखाली आडवी सरकवली आणि हात झटकले. "टेकू दिलाय. आता हलणार नाही." मग काकूंकडे बघून हसला. "काकू, तुम्हाला पुढची जागा धरून ठेवू ना?"

काकूंनी नुसती मान हलवली. शब्द दिलेला होता.

ते दोघे कपडे बदलायला गेले. गल्लीत जेवणानंतरची सुस्ती आली. कुठंतरी भांडी घासल्याचा आवाज, कुठंतरी पाळण्याची कुरकुर. भोकावर वीट ठेवली होती खरी, पण कडेनं एक फट उरली होती आणि त्या फटीतून गार हवा वर येत होती, भर उन्हात. काकूंनी तिच्यावर तळहात धरला. पिंपातली जाईची पानं वारा नसताना थरथरत होती.

त्या घरी आल्या. हातपाय धुऊन देवापुढं बसल्या. दिवेलागणीची वेळ नसतानाही दिवा लावला. दोन शब्द दिले होते त्यांनी, दोन्ही ह्याच ज्योतीसमोर. एक गेलेल्या माणसाला, एक असलेल्या माणसाला. एकेक शब्द त्यांनी जपमाळेच्या मण्यासारखा बोटावरून सरकवून पाहिला. हौदाचं नाव काढायचं नाही, असं म्हटलं होतं. बरं. नाव नाही काढणार. सांगून कुणाला पटलं नव्हतंच. दिसल्यावर पटेल. मधे उभं राहायला जागाच उरली नाही, तर फोटो कुठं काढणार? सून रागावेल, कदाचित जन्मभर बोलणार नाही. रागवायला ती असेल, एवढं पुरे.

मामंजींची पहार दाराआड होती, हौद खोदताना वापरलेली. टोकाला गंज, मुठीला अजून निळसर झाक. काकूंनी ती उचलली तेव्हा खांदा एकदम खाली गेला. पण त्यांनी ती दोन्ही हातांनी पोटाशी धरली, कुणाचं तान्हं मूल धरावं तशी.

पदर खोचला. दिव्यात तेल आहे ना, ते पाहिलं. दार ओढून घेतलं, कडी लावली नाही.

गल्ली रिकामी होती. शिंपीणबाईंच्या खिडकीतून कुणीतरी झोपेत कूस बदलल्याचा आवाज आला. काकूंनी मोकळ्या जागेशी चपला काढून ठेवल्या, शेजारी शेजारी, नीट. समोर फुलांच्या माळा बांधलेली पिंपं उन्हात चमकत होती.

"कडेकडेनं," मामंजी शेजारच्या खोलीतून म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या आणि अनवाणी पायानं खालची हौदाची भिंत चाचपत त्या कडेकडेनं चालू लागल्या.