न्हालेल्या बाळाचा वास

"घरात बिडी-सिगारेट कोण ओढतं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं आणि दाक्षायणीबाईंचं डोकंच फिरलं.

"आमच्या घरात समद्यांच्या गळ्यात लिंग हाय. तंबाखूचा वाससुद्धा न्हाय!"

लेक महेश्वरी बाळंतपणाला माहेरी, शुक्रवार पेठेत आली होती. दोन महिन्यांचा नातू श्वास घेताना बरगड्या आत ओढत होता, आणि ही बाई बिडीचं विचारते! दाक्षायणीबाईंना गुन्हेगार केव्हाच सापडला होता. मागच्या गल्लीतला रंगाचा कारखाना. त्याच्या चिमणीला त्या रोज गच्चीवरून लाखोली वाहायच्या. त्यांचा पहिला मुलगा प्रभुलिंग चार महिन्यांचा असताना छाती भरूनच गेला होता. हे पोर मात्र काही झालं तरी त्या जाऊ देणार नव्हत्या.

डॉक्टरीणबाईंनी औषध दिलं, हवा बदला म्हणाल्या. महेश्वरी बाळाला घेऊन सासरी, जेऊरच्या मळ्यातल्या घरी गेली. आठवड्यात खोकला पळाला.

"मी म्हनलं न्हवतं? चिमनीच ती!" दाक्षायणीबाई पेठभर सांगत सुटल्या.

पण मग फोनवर कळलं की तिकडे बाळाला गच्चीवरच्या सोलरच्या पाण्यानं न्हाऊ घालतात. ना शेक, ना धुरी! विहीणबाईंना कशाचं काही नाही, असं म्हणत दाक्षायणीबाई जेऊरच्या गाडीत बसल्या. एका हातात शेगडी नि ओव्याची पुडी, दुसऱ्या हातात चिंध्यांचं पोतं. चादरींच्या कारखान्यातल्या या रंगीत चिंध्यांवरच पेठेतल्या घरी त्यांचा आंघोळीच्या पाण्याचा बंब तापायचा आणि बाळाची धुरीही व्हायची. भुर्रकन पेटायच्या आणि जवळजवळ फुकट मिळायच्या.

जेऊरला पोचल्या तशा त्यांनी पदर खोचला. बाळाला वारं लागू नये म्हणून न्हाणीघराचं दार लोटलं, शेगडीत चिंध्या पेटवल्या, वर ओवा टाकला. दुपट्यात गुंडाळलेलं बाळ त्यांनी धुरावर धरलं.

"बाई, लई धूर झाला की ओ," विहीणबाई दाराबाहेरून खोकत म्हणाल्या.

"धूर न्हवं, धुरी हाय ती. माझी समदी लेकरं हिच्यावरच वाढली."

संध्याकाळी बाळाचे ओठ निळे पडले.

जावई मल्लिनाथनं गाडी काढली ती थेट करमाळ्याच्या दवाखान्यात. बाळाच्या इवल्याशा तोंडावर ऑक्सिजनचा मास्क चढला. "घराजवळ कुठला कारखाना आहे का?" तिथल्या तरुण डॉक्टरनं विचारलं. दाक्षायणीबाई चिमणीचं नाव घ्यायला गेल्या, पण मळ्याच्या चारी बाजूंना नुसता ऊस होता.

मग त्यानं बाळाच्या आंघोळीचं विचारलं. महेश्वरीनं सगळं सांगितलं.

"आजी," तो म्हणाला, "जगभर लहान लेकरांची छाती घरातल्याच धुरानं निकामी होते आहे. आणि चिंधी म्हणजे नुसतं सूत नाही, त्यात रंग आहे, प्लास्टिकचा धागा आहे. तुम्ही ते त्याच्या नाकाशी धरलंत."

दाक्षायणीबाई खाटेवर वाकल्या आणि बाळाच्या टाळूला नाक लावलं. हा वास त्यांच्या ओळखीचा होता. न्हालेल्या बाळाला असाच वास येतो असं त्या जन्मभर समजत आल्या होत्या. आज पहिल्यांदा कळलं की तो जळक्या चिंधीचा होता.

"वेळेवर आणलंत. वाचेल हा," डॉक्टर म्हणाला. महेश्वरीला हुंदका फुटला. विहीणबाईंनी हात जोडले.

दाक्षायणीबाईंनी मात्र ते ऐकलंच नव्हतं.

"तवाबी ह्याच चिंध्या होत्या ओ," त्या म्हणाल्या.

"कधी, आजी?"

"माझ्या प्रभूच्या वक्ताला. दिसातनं दोनदा धुरीवर धरायची मी त्याला." त्या बाळाच्या टाळूवरून हात फिरवत राहिल्या. "लई खोकायला लागला, म्हनून मग तिसऱ्यांदाबी धरायला लागले."