आरसपानी डबा

ॲक्रिलिक चिकटवायच्या क्लोरोफॉर्मचा वास अजून दुकानभर होता आणि नाथाजी गळ्यावरचा घाम पुसत होता. पुढ्यात आरसपानी ॲक्रिलिकचा डबा, पाच थर एकमेकांना चिकटून एकजीव झालेले. आता देवानं ओढले तरी सुटायचे नाहीत. आणि त्याच्या माथ्यावर कोरलेलं 'शंभूराज' हे नाव उलटं. आरशात दिसतं तसं.

नाव उलटं, म्हणजे सगळंच उलटं. डावीकडचं उजवीकडं गेलेलं.

नाथाजीचं साताऱ्यात नंबर प्लेटांचं दुकान. ॲक्रिलिकवर मागच्या अंगानं उलटी अक्षरं काढायची, म्हणजे पुढून सुलटी दिसतात आणि रंग पावसानं धुपत नाही. उभी हयात यात गेली. हात असा बसला होता की वाण्याची यादीसुद्धा तो उलटी लिही, आणि वाणी बिचारा गल्ल्याशेजारी आरसा ठेवून बसे. एकदा त्याची प्लेट लावलेली मोटरसायकल चोरीला गेली, तर चोरानं गाडी पोलीस चौकीसमोर सोडली आणि प्लेट तेवढी नेली. हे नाथाजी स्वतः सांगे, म्हणजे खरंच असणार.

शंभूराज त्याचा बाळपणीचा दोस्त. कोरेगावकडचा, फौजेतून हवालदार होऊन परतलेला. लहानपणी त्यानं नेम धरला की शेजारच्या गावातली पोरं आपापल्या गोट्या खिशात घालत. पण घरी आल्यावर कडबाकुट्टीच्या यंत्रानं त्याच्या डाव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं नेली. तेव्हापासून तो हात खांद्यावरच्या टॉवेलाखाली गेला, तो गेलाच. जेवतानासुद्धा बाहेर येईना.

अठ्ठ्याण्णवच्या दिवाळीत शंभूराजच्या लेकीनं, अंकितानं, टीव्हीवर खेळायचा गेम आणला. तिची आई राहीबाई तो असा शिकली की महिन्याभरात आळीतली पोरं तिला बघून पळायला लागली. शंभूराजही एकदा बसला. खेळातला माणूस डाव्या अंगठ्यानं चालवायचा, आणि तोच नव्हता. पडद्यावरचा माणूस एकाच खड्ड्यात पडत राहिला. मग टीव्ही लागला की शंभूराज गोठ्यात जाऊन म्हशीशी बोलत बसायचा.

राहीबाई बाजाराच्या दिवशी नाथाजीच्या दुकानात आली. म्हशीला आता माझ्यापेक्षा जास्त गोष्टी ठाऊक झाल्यात, म्हणाली. मग पदर सावरत हळूच बोलली, "भावजी, मला जिंकायचा कट्टाळा आलाय. शेजारी बसणारं माणूस पायजे."

नाथाजीनं बेत आखला. डाव्या मुठीनं दाबता येतील असे घराच्या बेलएवढे चार बाण, उजवीकडं उडीचं लाल बटण, आणि सगळं मांडीवर मावेल अशा डब्यात. इतक्या नाजूक खाचा करवतीनं होईनात. माधवनगरला कापड कापायला लेझरचं मशीन आलं होतं. त्याचा किरण इतका बारीक की मुंगीची मिशी उभी चिरावी. नाथाजी सवयीनं मागच्या अंगानं काढलेलं चित्र घेऊन एस्टीनं तिथं गेला. मशीनवरच्या सुमंतनं कागद बघून विचारलं होतं, "काका, नाव असंच ठेवायचं? उलटं?"

"पोरा, उभ्या हयातीत सुलटं न्हाई लिवलं मी," नाथाजी ऐटीत म्हणाला होता. "जसं हाय तसं काप."

मशीननं तसंच कापलं. मशीनला कुठं अक्कल असते?

आता दुसरा डबा करायला वेळ नव्हता. रविवारी डबा येणार, असं राहीबाईनं गावभर सांगून ठेवलं होतं. शेजारच्या रेडिओवाल्यानं बटणांना तारा जोडून दिल्या. तारांना काय, डावं-उजवं सारखंच. नाथाजीनं डबा पिशवीत घातला आणि चोराच्या पावलांनी कोरेगावची गाडी पकडली.

घरात टीव्ही लागलेला. राहीबाई सतरंजीवर तयार. शंभूराज गोठ्याकडं निघायच्या बेतात उभा.

"गड्या, चुकलंय," नाथाजीनं आत शिरताच सांगून टाकलं. "बाण उजवीकडं गेल्यात. नाव उलटं पडलंय."

शंभूराजनं डबा उजव्या हातात घेऊन खालीवर न्याहाळला. बायकोकडं बघितलं. ती पडद्याकडंच बघत होती, पण सतरंजीवर जरा सरकली. एका माणसापुरती. शंभूराज बसला. डबा मांडीवर आला आणि उजव्या हाताची धडधाकट बोटं आपोआप बाणांवर पडली. माणूस चालला. खड्डा आला. उडीचं लाल बटण आता पलीकडं, डावीकडं होतं.

टॉवेल हलला. डावी मूठ बाहेर आली आणि बटणावर धपकन पडली.

माणूस खड्ड्यापार.

मग शंभूराज म्हणाला, "नाथा, इतकं सोपं व्हतं तर आदी का न्हाई सुचलं रं तुला?"

"मला अजूनबी न्हाई सुचल्यालं," नाथाजी म्हणाला.

राहीबाई इतकी हसली की पडद्यावरचा तिचा माणूस खड्ड्यात गेला.

दुपार कलली. गोठ्यात म्हैस हंबरत होती. आज तिला गोष्ट सांगायला कुणी आलं नव्हतं. सतरंजीवर नवराबायको भांडत होते. तू मला ढकललंस, तुमीच आडवं आलात, असलं सगळं. नाथाजीला चहा मिळाला, पण साखर घालायची राहून गेली. त्यानं तक्रार केली नाही.

आणि मग राहीबाई हरली. मुद्दाम हरणाऱ्यांतली ती नव्हती. तिनं नवऱ्याच्या पाठीत गुद्दा घातला तो खरा होता.

शंभूराज ताडकन उठला. कुस्ती मारलेल्या पैलवानानं गदा उचलावी तसा त्यानं डबा दोन्ही हातांनी डोक्यावर धरला. टॉवेल खाली सतरंजीवर पडला होता. तो उचलायचं त्याला सुचलं नाही.

जमिनीवर बशी धरून बसलेल्या नाथाजीनं वर बघितलं. खालून, पाचही थरांतून, नाव सुलटं दिसत होतं. आणि नावाच्या कडेला, डबा घट्ट धरलेली, दोन बोटं.