मोठा दगड

दादाच्या खाऱ्या पाण्याच्या, माशांच्या टाकीत सहा महिने शेवाळ माजलं होतं. हिरवं, केसांसारखं, बोटभर लांब. ते चढलं की खालचा प्रवाळ गुदमरतो. दादाने दिवे दहा तासांवरून सहावर आणले, माशांचं खाणं निम्मं केलं, दर आठवड्याला पाणी बदललं. शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणल्या, तर त्या मेल्या आणि त्यांचंच खत झालं.

"सगळं त्या मोठ्या दगडावरून पसरतंय," मी म्हणाले. "बाहेर काढ आणि उकळ."

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली. आमच्या प्रयोगशाळेत जे काही मारायचं ते वाफेने मारायचं.

"त्यावर बटणं आहेत गं," दादा कुरकुरला. बटणं म्हणजे दगडाला चिकटून राहणारे, बटणाएवढे तपकिरी जीव. त्यांतल्या काहींत जहाल विष असतं, हे मी वाचलेलं होतं.

"होती. शेवाळाखाली कधीच मेली असतील."

बघितलं मात्र नाही.

आईने तिचं सगळ्यात मोठं पातेलं दिलं. तिला दमा होता. फरशी पुसायच्या औषधाचा वाससुद्धा सोसायचा नाही. मी तिला बाहेर बसायला सांगितलं.

"पातेलं माझं, गॅस माझा," ती म्हणाली. "एवढे शिकलात दोघं, पण दूध कधी धड तापवलंत का? दगडही उतू घालवाल. जा तुम्ही."

"अगं, वास येईल."

"मग दार लावून घे. घरभर कशाला?"

मी दार लावलं. आम्ही गच्चीत टाकीच्या नव्या पाण्यासाठी बादलीत मीठ विरघळवत बसलो. पाऊण तासाने आत आलो तेव्हा काचेवर वाफ साचली होती आणि आई ओट्याला धरून खोकत होती.

दम्याचा फवारा घेऊनही तिची धाप थांबेना. दादाने गाडी काढली. मागच्या सीटवर माझ्या खांद्याला टेकून ती म्हणाली, "तोंडात नाणं ठेवल्यासारखं लागतंय गं."

दम्यात असं होत नाही. मला बटणं आठवली. त्यांचं विष उकळून मरत नाही, वाफेबरोबर उडतं. मी खिडकीची काच खाली केली आणि गप्प बसले.

डॉक्टरांनी विचारलं, "दमा आहे ना? कशाने उठला?"

"स्वयंपाकघरात होती," दादा म्हणाला.

त्यांनी दम्याचं औषध सुरू केलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. वाटत होतं, उतरेल. उतरलं तर कुणाला काही सांगावंच लागणार नाही. तासाभराने आईच्या पायांत गोळे आले, ओठ निळे पडले. तेव्हा मी उठले आणि डॉक्टरांना सगळं सांगितलं. विषाचं नाव कागदावर लिहून दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं आणि कुणाला तरी फोन लावला.

तिसऱ्या दिवशी आई गेली.

डॉक्टर आम्हा दोघांना बाजूला घेऊन बसले. या विषावर उतारा नाही, म्हणाले. "आधी कळलं असतं तरी आम्ही हेच केलं असतं." त्यांना मला धीर द्यायचा होता, हे मला कळत होतं. पण तो तासभर मी गप्प होते, तेव्हा उतारा नाही हे मला कुठे ठाऊक होतं?

ते गेल्यावर दादाने विचारलं, "तुला कधी कळलं?"

"गाडीत."

दादाने आईच्या कपड्यांची पिशवी माझ्या मांडीवरून उचलली, स्वतःच्या छातीशी धरली आणि दोन खुर्च्या सोडून पलीकडे जाऊन बसला.