पायाच्या बाबतीत थोडी गैरसोय

सोसायटीत बोलण्याची शिस्त धनाजीनेच आणली होती. कामोठ्यातल्या त्या सात मजली इमारतीचा तो सेक्रेटरी. दोन वर्षांपूर्वी त्याने नोटीस लावली: आवारात कुणी कुणाला आंधळा, बहिरा, लंगडा म्हणू नये; दिव्यांग म्हणावे. तळमजल्यावरच्या गोजराकाकींचा उजवा पाय लहानपणीच पोलिओत गेलेला. त्या म्हणाल्या, "अरे, जनमभर मी लंगडी हाय. सारसोळ्यात कोनालाबी इचार. आता तू माझं बारसं करतोस?"

धनाजीने त्यांना पंधरा मिनिटं समजावलं. काकींनी तेवढ्यात बोंबील साफ करून घेतले.

मग यंदा फेब्रुवारीत साखरेने धनाजीच्या डाव्या पायाची तीन बोटं नेली, आणि या भाषातज्ज्ञाची वाचाच बसली. ऑफिसात त्याने पाय मुरगळल्याचं सांगितलं. चार महिने झाले तरी पाय मुरगळलेलाच होता. घरी तो त्याला 'ते ड्रेसिंगचं' म्हणे.

अडचण पार्किंगची होती. त्याची स्कूटर मागच्या गेटला लागायची. तिथून लिफ्टपर्यंत चालण्यात जखम दोनदा उघडली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं, असंच चालत राहिलात तर उरलेला पंजाही काढावा लागेल. लिफ्टलगत दिव्यांगांसाठी राखीव असलेली एक जागा रिकामी होती. ती मिळवायला वार्षिक सभेत अर्ज करायचा, अर्जात दिव्यांगत्वाचं स्वरूप स्पष्ट लिहायचं आणि तो अर्ज सेक्रेटरीने मोठ्याने वाचायचा. तिन्ही नियम धनाजीचेच.

"लिहा की सरळ, बोटं कापलीत," बायको उज्वला म्हणाली.

"अगं, अर्जाची एक भाषा असते."

त्या भाषेचे त्याने चार मसुदे केले. प्रत्येक मसुद्यात पाय थोडा थोडा बरा होत गेला.

सभेत तो उभा राहिला आणि भिंतीकडे बघत वाचू लागला, "फ्लॅट क्रमांक तीनशे दोनमधील सभासदास पायाच्या बाबतीत तूर्त थोडी गैरसोय जाणवत असल्याने..."

"थांबा, थांबा," चेअरमन हितेश म्हणाला. "गैरसोय तर मलापण हाय. नवीन चप्पल चावते. याला नक्की झालंय काय?"

"तसा अर्जात उल्लेख नाही."

"तीनशे दोन म्हणजे तुमीच ना?"

"हो. अर्जदार मीच आहे."

"मग विचारा ना अर्जदाराला!"

हॉल हसला. धनाजीही हसला, सेक्रेटरी म्हणून त्याला तो मुद्दा बिनतोड वाटला.

पाचशे एकच्या ज्ञानेश्वरी मात्र हसल्या नाहीत. "नियमात 'स्पष्ट' असं लिहिलंय, तुम्हीच लिहिलंय. तसं नसेल तर अर्ज बाद करा आणि जागा सोडतीत टाका. आमची गाडी उन्हात तापते."

तिघा-चौघांनी माना डोलावल्या. जागा हातची चालली होती, आणि तीही त्याच्याच नियमाने. धनाजीने कागदाची घडी घातली.

"डाव्या पायाची तीन बोटं कापलीत," तो म्हणाला. "जखम भरत नाहीये. मुरगळलाय असं मी सांगत होतो, ते खोटं होतं. मी लंगडतो."

मग मागच्या रांगेतून गोजराकाकींचा आवाज आला, "यवढंच ना? आनि त्याला पानभर लिवलंस?"

पहिला हात ज्ञानेश्वरींचा वर गेला. ठराव एकमताने मंजूर झाला. इतिवृत्तात कारण काय लिहू, असं धनाजीने विचारलं, तेव्हा हितेशने कपाळाला हात लावला.

फेब्रुवारीपासून कमिटीची कुठलीही बैठक संपली की धनाजी कागद आवरत बसायचा. हॉल रिकामा झाला की मगच उठायचा, म्हणजे चाल कुणाला दिसू नये. आज तो सगळ्यांबरोबरच उठला. दाराशी गर्दी होती आणि मागून काकी येत होत्या.

"चल ना रं, वाट आडवून उभा ऱ्हायलास."

"लंगडा आहे हो काकी. वेळ लागतो."

"मी काय पलतेय व्हय?" म्हणत काकी त्याच्या बाजूने पुढे निघून गेल्या.