शून्य लिहिणाऱ्या पोरी

दुखणं किती, ते रोज फळ्यावर लिहायचं. काहीच नसेल तर शून्य, सहनच होत नसेल तर दहा. शरयू मॅडमचा हा नियम. आमच्या कॉलेजच्या कबड्डी टीमची ताकद वाढवायला त्या यंदाच आल्या होत्या. आम्ही अकरा पोरी, आणि फळ्यावर रोज अकरा शून्य.

काहून? तर आधीचे सर, कोणी 'गुडघा दुखते' म्हटलं की नाव कापून मोकळे व्हायचे. तेव्हाच पोरींनी आपसात ठरवलं होतं, मेलो तरी शून्य. शरयू मॅडम तशा नव्हत्या, हाच तर वांधा होता. ओरडायच्या नाहीत, कोणाची आई आजारी आहे ते लक्षात ठेवायच्या, आणि आम्ही लिहिलेलं खरं मानायच्या. शून्य दिसलं की वजनाच्या बारवर प्लेटा वाढवायच्या.

माझी कंबर तीन हप्त्यांपासून ठणकत होती. मी शून्यच लिहीत राहिली. परवा युनिव्हर्सिटीची टीम निवडायची होती, आणि बाबांनी तर फॅक्टरीत साऱ्यांना सांगूनही टाकलं होतं की आमची भावना जाणार म्हणून.

त्या सकाळी मी बार खांद्यावर घेतला, खाली बसली, आणि उठताना डावा पाय गायब. दुखला नाही. दुखला असता तर बरं झालं असतं. बुटात पाय आहे की नाही, तेच समजेना. मानेवर सत्तर किलो आणि खाली एकच पाय. मी अशी भ्याली की अर्ध्यातच थांबली.

"ऊठ भावना, थांबली काहून?" मॅडम मागून म्हणाल्या.

"मॅडम, पाय समजून नाही राहिला."

त्यांनी आणि टीममधल्या प्रणोतीने मिळून बार उचलला. मॅडमनी मला खाली बसवलं. "केव्हापासून दुखते?"

मी कंबरेचं सांगून टाकलं.

"तीन हप्ते? अगं, तुझ्या शून्यावर मी वीस किलो वाढवले." त्या ओरडल्या नाहीत. माझ्या बुटाची नाडी सोडताना त्यांनी गाठ आणखीच घट्ट केली. ते पाहिलं तेव्हा समजलं की त्याही भ्याल्या होत्या. तोवर वाटत होतं, काय करायचं ते मॅडमना माहीत असेल, त्या काहीतरी करतील.

आमच्याच शहरातल्या गोरखपूर मोहल्ल्यातल्या डॉक्टरकडे जाताना ऑटोत मी विचारलं, "मॅडम, माझं नाव कापाल का?"

"माहीत नाही. डॉक्टर काय म्हणतात त्यावर आहे. खोटा धीर मी देणार नाही तुला."

मला राग आला. एवढंसं खोटं बोलल्या असत्या तर काय बिघडलं असतं यांचं? आम्ही तर रोज बोलत होतो. रस्ताभर मी त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण त्यांचा हात मात्र सोडला नाही.

डॉक्टरांनी मला पलंगावर निजवलं. "आँखें बंद करो. सुई लगे तो हाँ बोलना."

मी डोळे मिटले. उजव्या तळव्याला टोचलं. "हाँ."

मग काहीच नाही. डॉक्टरांचा श्वास पायाशी ऐकू येत होता. म्हणजे ते डाव्याला टोचत असणार. नुसतं हाँ म्हटलं की झालं, परवा मी टीममध्ये. बाबा पेढे वाटतील. मॅडम उशाशी उभ्या होत्या.

"अब लगा?"

"मॅडम," मी डोळे मिटूनच म्हटलं, "नाही लागलं."