पहिला दिवस

९ मार्च १९९४, सकाळचे साडेदहा. आम्रपालीच्या बर्फाच्या डब्यात रक्ताच्या सात नळ्या होत्या. आठवी संयोगिताची व्हायची होती. तासगावजवळच्या त्या मळ्यात बेदाण्याच्या शेडवर द्राक्षे टाकण्याची घाई चालली होती. अंगणात संयोगिताची सासू साळूबाई खराब मणी वेचीत बसली होती.

"आलासा व्हय बाई? आमच्या सुनंचं रगत साताऱ्याला एवढं गोड लागतंय तरी कसं?"

आम्रपाली हसली. साताऱ्याच्या एका संशोधन प्रकल्पात ती स्त्रियांच्या संप्रेरकांचा अभ्यास करीत होती. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून एकविसाव्या दिवशी रक्त घ्यायचे आणि त्यातील प्रोजेस्टेरॉन तीनच्या वर गेले आहे का, ते पाहायचे. गेले असेल तर त्या महिन्यात बीज सुटले. नसेल तर नाही. संयोगिताचा आकडा सलग तीन महिने खालीच आला होता.

"संयोगिता कुठे आहे?"

"गोठ्याकडंला बसलीया. शिवू नगा, सकाळीच कावळा शिवलाय तिला."

आम्रपाली डबा तिथेच ठेवून गोठ्याकडे गेली. संयोगिता पडवीत पोत्यावर बसली होती. ताट-तांब्या वेगळा मांडलेला होता.

"आज तुझा एकविसावा दिवस ना?"

"व्हय."

"मग आजच पाळी कशी आली?"

"दर खेपंला अशीच येती की. यकविसाव्याला, न्हाईतर बाविसाव्याला."

"पहिला दिवस कुठला धरतेस तू?"

"डोक्यावरनं पाणी घिऊन घरात आलं की त्यो पयला."

"आणि हे बाहेरचे चार दिवस?"

"ते कुठं धरत्यात व्हय बाई?" संयोगिताला हसू आले. "इटाळाचं दिस मोजत्यात व्हय कुणी?"

आम्रपालीच्या घरी आजीने छप्पन साली, दीक्षा घेतली त्याच वर्षी, हा विटाळ मोडीत काढला होता. त्यामुळे 'पहिला दिवस' या शब्दाला दुसरा अर्थ असू शकेल, हे तिच्या कधी मनातही आले नव्हते. बीज सुटले तरी पाळीच्या तोंडावर प्रोजेस्टेरॉन उतरतेच. संयोगिताचा एकविसावा म्हणजे खरा पंचविसावा; नेमक्या त्याच दिवशी ती दर महिन्याला रक्त काढून नेत होती.

चूक एवढ्यावर थांबली असती तर ती कागदावर दुरुस्त करता आली असती. संशोधनातले निष्कर्ष घरच्यांपुढे बोलायचे नसतात, हा नियम ती स्वतः नवख्यांना शिकवीत असे. तरीही जानेवारीत साळूबाईने खोदखोदून विचारले, तेव्हा चहा पिता पिता ती बोलून गेली होती : "हिच्यात बीज तयार होत नाही."

ती अंगणात परतली आणि उभ्यानेच म्हणाली, "साळूबाई, चूक माझी झाली. मी चुकीच्या दिवशी रक्त घेत होते. संयोगितात दोष आहे, असं आता म्हणता येत नाही."

साळूबाईचा हात थांबला. "आता व्हय? परवाच जयराजच्या दुसऱ्या लग्नाची सुपारी फुटली. सावळजची पोरगी हाय."

"ते थांबवा. आणि आधी जयराजची तपासणी तरी—"

"गड्याची कसली तपासणी?" साळूबाईचा आवाज चढला. "तुमच्याच तोंडानं म्हणालासा, बीज न्हाई. तुमचा आकडा बदलला म्हणून फुटल्याली सुपारी सांधती व्हय?"

संयोगिताचा नवरा जयराज चार हातांवर क्रेट उतरवीत होता. सारे त्याच्या कानांवर गेले होते. त्याने आणखी एक क्रेट खांद्यावर घेतला आणि शेडकडे निघून गेला.

आम्रपाली पुन्हा पडवीत आली.

"ऐकू आलं मला," संयोगिता म्हणाली. "म्हाईतच हुतं. म्हायेरी घालवणार हायती मला."

"मी आमच्या साहेबांना घेऊन येते. ते समजावतील."

"नगा. तुमचा आकडा ऐकून त्यांनी मला काढायचं ठरवलं. आता दुसरा ऐकून ठिऊन घेतलं, तर जन्मभर मी आकड्यावर ऱ्हायाची व्हय?" तिने ताट बाजूला सारले. "पर मला कळू दे. लोकांचं ऐकून ऐकून मला बी खरं वाटाय लागलंय. बरुबर दिवशी घ्या रगत."

साताऱ्याला आल्यावर आम्रपालीने प्रकल्पप्रमुखांना सारे सांगितले आणि त्या भागातले आजवरचे सगळे निकाल रद्द करायला लावले. प्रमुख म्हणाले, अशा चुका क्षेत्रकार्यात होतात. त्या बोलण्याने तिला बरे वाटले नाही.

महिनाअखेरीस, दिवस नीट मोजून, तिने खंडाळ्याला संयोगिताच्या भावाच्या घरी जाऊन रक्त घेतले. निकालही ती स्वतःच घेऊन गेली. संयोगिता रानात कांदे काढीत होती. तिने मातीचे हात पदराला पुसले.

"तासगावला लगीन झालं," ती म्हणाली. "बिस्तरवारी."

येताना एस. टी.त आम्रपालीने माफीचे शब्द जुळवून ठेवले होते. "संयोगिता, माझ्यामुळे—" तिने सुरुवात केली.

"ते ऱ्हाऊ द्या बाई. आकडा तीनच्या वर गेला का, तेवढं सांगा."

"अकरा पूर्णांक चार."