वारेच्या दारवानाची कैफियत

मी एक जुना प्रतिजन, म्हणजे पेशीच्या अंगावरची ओळखखूण आहे. मित्रांनो, मी नसतो तर तुम्ही नसता. राजे, पहिलवान, गणिताचे मास्तर, कोणीच नसतं. अखिल मानवजात माझ्या भरवशावर जन्माला येते. हे भाषण मी इजिप्तमधल्या दमिएत्ता गावच्या एका दवाखान्यात, व्हरांड्यातल्या बाकाखाली, लोणच्याच्या रिकाम्या डब्यातून करतो आहे.

माझं नाव एचएलए-जी. माझे भाऊ एचएलए-ए, बी, सी फार नामांकित. माणसागणिक त्यांचं रूप वेगळं. मूत्रपिंड बदलायचं झालं की डॉक्टर आधी त्यांची पत्रिका जुळवतात. मी मात्र बहुतेकांत जवळजवळ सारखाच. म्हणून पुस्तकांत मला 'अभिजात नसलेला' म्हणतात. घराण्यात असा एक लागतोच.

माझा जन्म वदादच्या पोटात, तिच्या बाळाला पोसणाऱ्या वारेवर झाला. वदाद ही सुतारकाम करणाऱ्या रिदवानची बायको. याआधी दोनदा तिचं मूल पोटातच गेलं होतं. माझं काम साधं. बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकं. परका दिसला की तिच्या पहारेकरी पेशी हात उगारतात. मी दारात उभं राहून म्हणायचं, "थांबा, पाहुणा आपलाच आहे." समजूत पटली की याच पेशी बाळासाठी रक्तवाहिन्या रुंद करायला हातभार लावतात.

एक गोष्ट सांगायला लाज वाटते. कर्करोगाच्या काही गाठी माझाच बिल्ला छातीवर लावून बसतात आणि पहारेकरी त्यांना सलाम ठोकून पुढे जातात. तेव्हापासून डॉक्टर मंडळी माझ्याकडेही जरा डोळे बारीक करूनच बघतात.

असो. घराच्या दारावर दुसरी दारवान होती, वदादची सासू ताफीदा, हज करून आलेली म्हणून सगळ्यांची हाज्जा. मी आत घेणारा, ती अडवणारी. बाळंतिणीच्या खोलीत ताजी दाढी केलेला पुरुष किंवा वांगी आली की बाधा होते, हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. नियम बाळंतपणानंतरचा. ताफीदाने तो सावधगिरी म्हणून पाचव्या महिन्यापासूनच लागू केला. रिदवानची दाढी छातीपर्यंत आली.

आता कबुली. या खेपेला माझं संख्याबळ कमी पडलं. रक्तवाहिन्या अरुंदच राहिल्या. आठव्या महिन्यात वदादचे पाय सुजले, डोकं ठणकू लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकू लागले. रिदवान धावत जाऊन गल्लीतल्या डॉक्टर करमला घेऊन आला. डॉक्टरची दाढी गुळगुळीत, आणि हातातल्या पिशवीत कुण्या रोग्याने प्रेमाने दिलेली वांगी.

"तिथेच थांब!" ताफीदा उंबऱ्यावर आडवी झाली. "हनुवटी बघ, आरशासारखी चमकतेय मेली! आणि वर वांगी!"

"हाज्जा, सुनेचं डोकं दुखतंय ना? मला बघू दे."

"दाढी उगवली की ये."

"त्याला दोन दिवस लागतील!"

"मग परवा ये."

"यम्मा, तो डॉक्टर आहे!" रिदवान आईवर ओरडला.

"डॉक्टर आहे तर त्याला कळायला नको?"

आत मी हातपाय गाळून बसलो होतो. एवढ्यात वदाद भिंत धरधरून दारापर्यंत आली.

"हाज्जा, बाई स्वतः बाहेर गेली तर बाधत नाही, हा नियम तुमचाच ना? त्याने माझ्याकडे यायचं नाही. मीच त्याच्याकडे जाते."

ताफीदा बाजूला झाली. स्वतःच्याच नियमापुढे करते काय! डॉक्टरने वदादला जिन्याच्या पायरीवर बसवून रक्तदाब मोजला, वांगी रिदवानच्या हातात कोंबली आणि म्हणाला, "आत्ताच्या आत्ता दवाखाना!"

मुलगी झाली. इवलीशी, पण ओरडणं थेट आजीचं. वदादही सुखरूप. रिदवान वांगी पोटाशी धरून ढसाढसा रडला.

माझी नोकरी तिथेच संपली. माझ्यासकट वार लोणच्याच्या रिकाम्या डब्यात गेली. आमच्याकडची रीत अशी की वार नाईलला अर्पण करायची, आणि नेणाऱ्याने हसत न्यायची, म्हणजे मूल हसरं होतं. रिदवान रडतोय, म्हणजे पाळी ताफीदावर आली. तिला हसताना कुणी पाहिलेलं नव्हतं. बिचारीने सराव केला, तर नर्सने विचारलं, "हाज्जा, पोटात दुखतंय का?"

संध्याकाळी डॉक्टर करम चौकशीला आला. दिवसभराच्या धावपळीत त्याच्या गालांवर खुंट उगवले होते. ताफीदाने ते निरखून पाहिले.

"आता ये बाबा घरी," ती म्हणाली आणि खो खो हसत सुटली. हसू ओसरायच्या आत निघायचं, पण त्याआधी नातीला एकदा पाहून येते म्हणून माझा डबा बाकाखाली उघडाच सोडून ती आत पळाली.

मित्रांनो, पोटुशी बाईचे पाय सुजले, डोकं ठणकलं, तर तिला उंबऱ्यावर अडकवून ठेवू नका. आत मी एकटा किती पुरणार? माझे पुतळेबितळे तर मुळीच नकोत. फक्त कुणीतरी या डब्यावर झाकण ठेवा. समोरची मांजर मघापासून ओठ चाटते आहे.